नाक्यावर टांगलेली माझी बायको

माझी बायको मेली, आणि तिचा चाळिसावा दिवस व्हायच्या आत त्यांनी तिला नाक्यावर टांगलं.

फ्लेक्सवर. अंबरनाथ पूर्वेला आमच्या मोहल्ल्यात शिरायच्या तोंडाशी विजेचा खांब आहे, समोर पिंपळ आहे. त्या दोघांच्या मध्ये सुतळी बांधून. मी सकाळी दूध आणायला निघालो, मान वर केली तर ती. तिचं नुसतं तोंड माझ्या कमरेएवढं. एका बाजूला पेटलेली समई, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘थोर समाजसेविका’. मुसलमान बाईच्या फोटोशेजारी समई! आणि तिच्या हनुवटीखाली रांगेने आमचे पुढारी, हात जोडलेले, दात दिसणारे. मयताला आलेला माणूस असा हसतो का? यांना कोणी शिकवलंच नाही की रडक्या कार्यक्रमाला वेगळा फोटो काढायचा असतो.

दूधवाला म्हणाला, “चाचा, भाभीचा बॅनर एकदम मस्त लावलाय.”

मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दूध न घेताच परत आलो.

राग का आला ते सांगायला पाहिजे, कारण मोहल्ल्यात निम्म्या लोकांना अजून कळलेलं नाही. ते म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, लोक बायकोची इज्जत करतायत आणि हा शिव्या देतो.

आम्ही मूळचे म्हसळ्याकडचे. घरात मराठी बोलतो, आमच्या बापजाद्यांपासून. मी शाळेत फार गेलो नाही, कारखान्यात लागलो आणि म्हातारा होऊन बाहेर पडलो. बायको तर शाळेत गेलीच नाही. पण अंबरनाथमध्ये मला कोणी ओळखत नव्हतं तेव्हाही तिला ओळखायचे. आमच्यात बाई मेली की तिला शेवटची आंघोळ बायकाच घालतात, त्याला गुसल म्हणतात. ते काम ती करायची. कोणी नेमलं नव्हतं, कोणी काही द्यायचं नाही. बोलावणं आलं की हातातली भाकरी ठेवून जायची. बदलापूरला गेली, उल्हासनगरला गेली, शहाडच्या चाळींत गेली. आणि जिवंत बायकांचं पण तीच बघायची. रेशनवाला धान्य देत नाही, चल. नळाला पाणी नाही, चल नगरपालिकेत. साहेब जेवायला गेलेत म्हटलं की ही त्याच्याच खुर्चीसमोर डबा उघडून बसायची. साहेब हात न धुता परत यायचा.

एकदा एका घरी ती गुसलला गेली तेव्हा मयताच्या नातवाने मोबाईल काढून आजीच्या चेहऱ्याचा फोटो घेतला. हिने त्याच्या हातातून फोन घेतला आणि घंगाळात टाकला. सगळे ओरडले, महाग फोन आहे. ही म्हणाली, “आजीला विचारलंस का? जिवंतपणी ती तुझ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नव्हती, आणि मेली म्हणून तू फुकटात बघणार?” स्वतःचाही फोटो तिने कधी कोणाला काढू दिला नाही. तोंड झाकायची नाही, सगळ्या गावात उघड्या तोंडाने फिरायची. पण फोटो नाही. माझ्या घरात तिचा एक फोटो नाही. आधार कार्डावर आहे तो तिचा आहे हे मला सुद्धा सांगावं लागतं.

आणि त्या बाईला यांनी खांबाला बांधली.

फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांत सगळ्यात मोठं तोंड कोणाचं होतं? सदरचं. आमच्या मोहल्ल्याच्या कमिटीचा अध्यक्ष, रेती-सिमेंटचा धंदा आहे त्याचा. खरं नाव कोणी घेत नाही, सगळे सदरच म्हणतात. नगरपालिकेत कित्येक वर्षं निवडणूकच झाली नव्हती, नुसता प्रशासक बसलेला. आता निवडणूक लागणार, आणि आमचा वॉर्ड महिला राखीव झाला. सदरला उभं राहता येईना. मग सुनेला उभी करायचं ठरवलं. सून नवी, तिला कोणी ओळखत नाही. माझी बायको सगळ्यांच्या ओळखीची, वर मेलेली. मेलेलं माणूस कोणाच्या बाजूने आहे ते कोणीही ठरवू शकतो.

मी त्याच्या दुकानात गेलो.

“या चाचा, या. अरे, चहा सांग.”

“चहा नको. फ्लेक्स उतरव.”

“कुठला फ्लेक्स?”

“नाक्यावर अजून कोण मेलंय?”

तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला. खांद्यावर हात ठेवला. ह्या लोकांना खांदा दिसला की हात ठेवायची सवय असते. म्हणाला, “चाचा, भाभींची आपण इज्जत वाढवली. सगळं अंबरनाथ बघतंय.”

“तेच विचारतोय. सगळं अंबरनाथ का बघतंय?”

“राग समजतो मला. पण जरा कौमचा विचार करा. वॉर्ड असा कापलाय की आपली सगळी मतं एका जागी पडली तरच आपला माणूस आत जातो. इतकी वर्षं आत कोणी नव्हतं. गटार तुंबलं तर जायचं कोणाकडे? कब्रस्तानची भिंत पडली, कोणी उचलली? आत आपलं कोणी नको का?”

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. खोटं बोलला असता तर मी त्याला सरळ शिवी देऊन उठलो असतो.

“आपला माणूस की तुझी सून?”

“सून म्हणजे आपलाच माणूस.”

“मग तिचा फोटो कुठाय? तिच्या नावावर, फोटोच्या जागी, गुलाबाचं फूल छापलंय.”

“चाचा, आमच्या घरात परदा आहे.”

“आणि माझ्या घरात काय बाजार आहे?”

दुकानात सिमेंट घ्यायला आलेली दोन गिऱ्हाईकं होती, ती बाहेर बघायला लागली. सदरचा हात खांद्यावरून गेला. म्हणाला, “निवडणूक होईपर्यंत राहू द्या. नंतर मी स्वतः उतरवतो.”

“फोटो कोणी दिला तुला?”

“पोरांनी मिळवला कुठून तरी.”

फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं दुकान लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात, पण मी चष्मा लावून वाचलं. उल्हासनगरचं होतं. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गेलो.

कॅम्पातलं दुकान, सिंधी माणूस, माझ्याच वयाचा. आत मशीन इकडून तिकडे पळत होतं आणि ओल्या शाईचा वास. जमिनीवर तीन पक्षांचे पुढारी शेजारी शेजारी वाळत घातले होते. बाहेर एकमेकांची आईबहीण काढतात, इथे खांद्याला खांदा लावून पडलेले.

मी विचारलं, “मुसलमान बाईच्या फोटोला समई कोणी लावली?”

“साईं, ती डिझाइनमध्येच येते. श्रद्धांजलीचं एकच डिझाइन आहे. वाढदिवसाचं अलग, तिच्यात फटाके येतात.” मग माझं तोंड बघून तो जरा गडबडला. “आपकी घरवाली थी क्या? बसा, बसा. माझी पण दोन साल आधी गेली. तिला पण मी याच डिझाइनमध्ये छापलं. दुसरं सुचलंच नाही.”

मी बसलो. त्याने पाणी दिलं. मग मी विचारलं फोटो कुठून आला, तर त्याने मोबाईल काढला, अंगठ्याने वर वर सरकवत नेलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. “हा नंबर बघा. याने भेजा.”

नंबर बघायची गरज नव्हती. नंबरावर माझ्या पोराचं तोंड होतं.

पोरगा माझ्याबरोबरच राहतो, एमआयडीसीत ठेक्यावर कामाला आहे. संध्याकाळी आला, हात-पाय धुतले, जेवायला बसला. मी ताट पुढे ढकललं आणि म्हणालो, “अम्मीला किती जणांना पाठवलीस?”

त्याने घास खाली ठेवला. “अब्बा, सदर म्हणाले तिच्या नावाचं काहीतरी करू.”

“केलं की. टांगली.”

“तिने आयुष्यभर सगळ्यांचं केलं. एका गल्लीला तिचं नाव नाही. ज्याने काही केलं नाही त्याच्या नावाची कमान उभी आहे चौकात. मला वाटलं, निदान लोक बघतील तरी.”

“तिला नको होता फोटो. तुला माहीत होतं.”

“माहीत होतं!” तो ओरडला. माझ्यासमोर कधी ओरडत नाही. “तिला नको होतं, तिला नको होतं. म्हणून आज घरात तिचा एक फोटो नाही. मावशीच्या मुलीच्या लग्नात मी गुपचूप एक काढला. तेवढाच आहे. मला तिचा चेहरा आठवायला डोळे मिटावे लागतात, अब्बा. दोन वर्षांनी मिटून पण दिसला नाही तर काय करू?”

उत्तर नसलं की मला जास्त राग येतो. मी म्हणालो, “मग तुझ्या मोबाईलमध्ये ठेवायचा होता. गावाच्या छातीवर कशाला लावलास?” आणि तो जेवण टाकून उठला. बरेच दिवस आम्ही एकमेकांशी ‘दार लाव’ आणि ‘गॅस संपला’ एवढंच बोललो.

मी सदरच्या दुकानात जाऊन बोललो ही बातमी वाऱ्यासारखी गेली. लगेच दुसऱ्या पक्षाचा एक जण घरी आला. पस्तिशीचा, गळ्यात उपरणं, बरोबर मोबाईल धरायला एक माणूस. दारातूनच सुरू झाला, “चाचा, आपके साथ बहुत गलत हुआ.”

“मराठीत बोल.”

“अरे वा! चाचा, तुम्ही मराठी पण बोलता?”

“तुझा बाप बोलायला शिकला नव्हता तेव्हापासून बोलतो.”

तो हसला. त्यांना सगळ्यावर हसता येतं. म्हणाला, “फक्त दोन मिनिटं, चाचा. मोबाईलकडे बघून सांगा, की हे लोक स्वतःच्या मयतावर पण मतं मागतात.”

“हे लोक म्हणजे कोण?”

“म्हणजे… तुम्ही नाही हो. ते.”

“मी त्यातलाच आहे.”

“तसं नाही चाचा, तुम्ही चांगले मुसलमान.”

आता हे मी किती वेळा ऐकलंय. कारखान्यात ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, खोली भाड्याने बघताना ऐकलं आणि मग खोली मिळाली नाही ते वेगळं. चांगला मुसलमान म्हणजे कसा, तर जो यांच्या मोबाईलसमोर दुसऱ्या मुसलमानाला शिव्या देतो तो. मी मयताच्या घरातला माणूस, दाढी करायची शुद्ध नाही, आणि हा मला मोबाईलसमोर उजेडात बसायला सांगतोय. मी त्याला विचारलं, “आमच्या गल्लीतलं गटार बघितलंस येताना? त्याच्यावरून उडी मारून आलास ना? त्याचा व्हिडिओ काढ. दोन मिनिटं कशाला, तासभर काढ.” तो म्हणाला, ते पण घेऊ, पण आधी हे. मी चप्पल हातात घेतली तेव्हा गेला.

मला खरंच कळत नाही. एवढ्या वर्षांत किती निवडणुका बघितल्या. एका बाजूचे येतात, म्हणतात, चाचा, तुमची मतं एकगठ्ठा पाहिजेत, फुटू नका, नाहीतर ते येतील. दुसऱ्या बाजूचे माइकवर ओरडतात, बघा, यांची मतं एकगठ्ठा पडतात, सावध व्हा. दोघांच्या तोंडात गठ्ठाच. लाकडाचा गठ्ठा असतो, कडब्याचा असतो. माणसाचा गठ्ठा कसा बांधता रे? माझी बायको रेशनच्या लाईनीत उभी राहायची तेव्हा तिच्या पुढे कुणबी बाई असायची, मागे सिंधी बाई असायची, आणि तिघींना किडकेच गहू मिळायचे. तेव्हा कोणी येऊन म्हणालं नाही की ह्या तिघींचा एक गठ्ठा आहे. आमचं देशावर प्रेम आहे का, ते सगळ्यांना विचारायचं असतं. आमच्या नळाला पाणी आहे का, ते कोणाला विचारायचं नसतं. आणि आमचे पुढारी? ते उठसूट ‘समाज, समाज’ करतात. समाज म्हणजे कोण, तर त्यांचा भाऊ, त्यांचा मेहुणा आणि आता सून. बाकीचे आम्ही टाळ्यांना.

सदरने एकदा माझ्या बायकोलाच उभी राहा म्हणून सांगितलं होतं, ती असताना, मागच्या वेळी. तिने तोंडावर सांगितलं, “उभी मी राहीन, आणि खुर्चीवर बसशील तू. त्यापेक्षा माझी मी उभीच बरी आहे.” तो तेव्हा हसला होता. विसरला नसणार.

फ्लेक्स तसाच होता. मी दूध दुसऱ्या रस्त्याने आणायला लागलो. लांब पडायचं, गुडघे दुखायचे. पण नाक्यावरून जायचं म्हणजे मान खाली घालून जायचं, आणि स्वतःच्या बायकोसमोर मान खाली घालून जायला मी काय चोर आहे?

मग एक दिवस दुपारी सदरची सून आली. प्रचार सुरू झाला होता, सासूबरोबर घरोघरी फिरत होती. सासू शेजारच्या घरात चहाला अडकली आणि ही एकटी माझ्या दारात. बुरख्याचा पडदा वर करून आत आली, सलाम केला. कल्याणच्या कॉलेजात शिकलेली पोरगी, पंचवीस-सव्वीसची. मी बस म्हणालो नाही, तरी बसली.

“चाचा, तुम्ही रागावलात ते बरोबर आहे.”

“बरोबर आहे तर कशाला लावलात?”

“मला कोणी विचारलं नाही. मी लावल्यावर बघितला. घरात म्हटलं, चाचींचा काढा आणि माझा लावा, उमेदवार मी आहे.”

“मग?”

“अब्बू, म्हणजे सासरे, म्हणाले, बाईमाणसाचा फोटो नाक्यावर शोभतो का?”

मी हसलो. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो, आणि तेही रागानेच. ती पोरगी पण हसली, मग घाबरून दाराकडे बघितलं.

मी म्हणालो, “तू निवडून येणार आणि खुर्चीवर तो बसणार.”

“बघू.”

“बघू म्हणजे काय?”

“म्हणजे, अर्जावर सही माझी आहे, चाचा. आणि अर्जाला फोटो लावावा लागतो. तिथे गुलाब चालत नाही.”

आवाज बारीक होता पण शब्द चावून बोलत होती. मला ती आवडली. पण आवडून माझ्या बायकोला काय उपयोग? मी म्हणालो, “मग तो फ्लेक्स उतरव.”

“मी घरात बोलून बघते.”

“बोलू नकोस. बोलण्यात तुम्ही सगळे हुशार आहात. उतरव.”

ती पडदा खाली करून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खांबाला नुसती सुतळी राहिली होती. तिने काय केलं, ते मला नंतर कळलं. प्रचाराच्या दोन पोरांना सांगितलं, सदरसाहेबांनी याहून मोठा लावायचा म्हणून सांगितलंय, हा काढून टाका. पोरांनी काढला. सदरला कळेपर्यंत फ्लेक्स टेम्पोत टाकून गेलाही. आता तो सुनेवर ओरडला तर जगाला कळणार की घरात सुद्धा कोणी त्याचं ऐकत नाही. म्हणून माझ्यावर ओरडला. चाचाला दुसऱ्या पक्षाने विकत घेतला म्हणाला. जुम्म्याच्या नमाजाला माझ्या शेजारी बसायचे ते दोन-तीन म्हातारे सरकून बसले. बसा म्हटलं.

मत मी त्या पोरीलाच दिलं. रागात दिलं, पण तिला दिलं. आली निवडून. मिरवणुकीत हार सदरच्या गळ्यात, गुलाल सदरच्या कपाळावर, ती मागच्या गाडीत काच वर करून. पण नगरपालिकेच्या पहिल्या सभेला सासरा बरोबर गेला तर शिपायाने त्याला बाहेर बाकड्यावर बसवला, असं म्हणतात. मी बघितलं नाही. ऐकून बरं वाटलं.

मी समजलो, विषय संपला. फ्लेक्स उतरला म्हणजे ती घरी आली.

कारखान्यातला माझा एक दोस्त आहे, मुरबाडकडचा कुणबी. तीस वर्षं एका मशीनवर काम केलं दोघांनी. आता बदलापूरला हेंद्रेपाड्यात पोराच्या फ्लॅटमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी बघायला गेलो.

“ये म्हाताऱ्या. जिवंत आहेस अजून?”

“तुला पोचवल्याशिवाय जात नाही.”

चहा झाला, गुडघ्याचे टाके दाखवून झाले. गॅलरीचा पडदा लावलेला होता, खोलीत नुसता उकाडा. मी उघडायला उठलो तर तो म्हणाला, “राहू दे, ऊन येतं.”

“ऊन पलीकडून आहे.”

“अरे, बस ना गपचूप.”

ह्याला लपवता कधी आलंच नाही. कारखान्यात पण बिडी ओढून आला की सगळ्यात आधी हाच साहेबांकडे बघायचा. मी पडदा ओढला. खाली नव्या बिल्डिंगचं काम चाललं होतं, मजुरांच्या पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या. त्यातल्या एका झोपडीच्या छपरावर माझी बायको आकाशाकडे बघत पडली होती. गालावर वीट ठेवलेली, छप्पर उडू नये म्हणून. कपाळावर कोणाची तरी ओली चड्डी वाळत घातलेली.

मागून तो म्हणाला, “आठ-दहा दिवस झाले. मी वहिनींना लगेच ओळखलं. तुला फोन करायला तीनदा घेतला हातात. काय सांगणार होतो रे?”

मी गॅलरीचा गज धरून उभा राहिलो. कोणाला शिव्या द्यायच्या तेच कळेना. झोपडीवाल्याला? त्याला आयता जाड कपडा मिळाला, त्याने घातला. टेम्पोवाल्याला? त्याने भंगारात दिला असणार. निवडणूक झाली की सगळे फ्लेक्स असेच जातात, भाजीवाल्याच्या गाडीवर, कोंबडीवाल्याच्या दुकानावर, मुतारीच्या आडोशाला. पुढारी स्वतःचा लावतात तेव्हा त्यांना हे माहीत असतं. माझ्या बायकोला कोणी सांगितलं होतं का?

मी पोराला फोन लावला. म्हणालो, “हेंद्रेपाड्याला ये. येताना एक नवीन ताडपत्री घेऊन ये.”

त्याने कशाला विचारलं नाही. गाडीवरून निळी ताडपत्री घेऊन आला. आम्ही दोघं खाली गेलो. दोस्त वरून गॅलरीतून ओरडून कुठली झोपडी ते सांगत होता, डावीकडे, अरे डावीकडे, जसा काय आम्ही तिला शोधतोय.

झोपडीत एक बाई होती, कडेवर पोर. मी तिला सांगितलं, हे आम्हाला पाहिजे, बदल्यात नवीन ताडपत्री घे. तिला वाटलं आम्ही नगरपालिकेचे. हात जोडायला लागली, “बाबूजी, मत उतारिए, बच्चा छोटा है, धूप बहुत लगती है.” माझ्या पोराने ताडपत्री उलगडून दाखवली तेव्हा शांत झाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “ये आपकी कौन है?”

पोरगा बांबूवर चढला. आधी कपडे उतरवून तिच्या हातात दिले, मग विटा एक एक करून खाली दिल्या. अम्मीच्या गालावरची वीट सगळ्यात शेवटी काढली. फ्लेक्स ओढला आणि जमिनीवर पसरला. सदरचं तोंड अर्धं फाटलं होतं, दात तेवढे शाबूत. ती बाई म्हणाली, तुम्हाला बाईचं तोंडच पाहिजे तर बाकीचं मला ठेवा, न्हाणीला आडोसा करते. म्हणून पोराने अम्मीच्या तोंडाभोवतीचा तुकडा कापून घेतला आणि सगळे पुढारी त्या बाईला दिले.

तेव्हा मी पहिल्यांदा ते तोंड जवळून बघितलं. नाक्यावर असताना कधी नीट बघितलंच नव्हतं. रंग गोरा करून टाकलेला. ओठाखालचा तीळ नव्हता. कपाळावर लहानपणी चुलीजवळ भाजल्याची खूण होती, ती पुसलेली. डोळे तिचे होते, बाकी कोण होती काय माहीत.

“ही ती नव्हेच,” मी म्हणालो.

“छापणाऱ्याने केलं ते,” पोरगा म्हणाला. “माझ्याकडे आहे तशी नाही.”

“दाखव.”

त्याने मोबाईल काढला. लग्नातला फोटो. तीळ होता, खूण होती. तोंडात जर्द्याचा, लग्नातल्या गोड केशरी भाताचा, घास, गाल एका बाजूने फुगलेला. आणि फोटोत तिचा हात होता, पुढे केलेला, पंजा मोबाईलच्या अगदी जवळ, मोठा आणि धूसर. नको, काढू नको, म्हणणारा. छापणाऱ्याने तो हात कापला होता आणि बाकीची ठेवली होती.

पोरगा माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, “डिलीट करू?”

मी त्या हाताकडे बघत राहिलो. तिच्याशी भांडणात मी कधी जिंकलो नाही.

“कर,” मी म्हणालो.

त्याने अंगठा स्क्रीनवर नेला आणि तसाच धरला. दाबला नाही. मी पण दुसऱ्यांदा म्हणालो नाही. ती बाई झोपडीतून ओरडली, बाबूजी, बाजू में हो जाइए, पानी का टँकर आता है. आम्ही बाजूला झालो.